पेशीवरील शर्करा आणि तालुक्यातील वैद्यकीय व्यवहार

कर्करोगाचा विचार करताना जनुकांतील बदलांकडे जेवढे लक्ष दिले जाते, तेवढे पेशीच्या पृष्ठभागावरील शर्करांकडे दिले जात नाही. प्रत्येक मानवी पेशीच्या बाह्य पटलावर प्रथिनांना व मेदांना जोडलेल्या शर्करांच्या साखळ्या असतात. त्यांचा ठरावीक भाग ओळखून, त्यात कोणताही रासायनिक बदल न घडवता, त्याला चिकटणाऱ्या प्रथिनांना लेक्टिन म्हणतात. एरंडीच्या बियांच्या अर्काने तांबड्या रक्तपेशींच्या गुठळ्या होतात, हे स्टिलमार्क यांनी १८८८ मध्ये दाखवले आणि या प्रथिनांच्या अभ्यासाला तेथून सुरुवात झाली.

लेक्टिनच्या पृष्ठभागावरील उथळ खाचेत शर्करेचे हायड्रॉक्सिल गट हायड्रोजन बंधांनी धरले जातात, तर काही लेक्टिनांमध्ये कॅल्शियमचा आयनही या जोडणीत भाग घेतो. असा एकेक बंध दुर्बल असतो. मात्र लेक्टिनच्या अनेक खाचा एकाच वेळी पेशीवरील अनेक साखळ्यांना धरतात तेव्हा पकड घट्ट आणि निवडक होते.

पेशी कर्करोगग्रस्त होते तेव्हा शर्करा जोडणाऱ्या विकरांचे प्रमाण बदलते आणि साखळ्यांना जास्त फांद्या फुटतात. खारघर येथील टाटा मेमोरियल सेंटरच्या ॲक्ट्रेक संस्थेत राजीव कलरैया व सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेलानोमा पेशींवर केलेल्या अभ्यासांतून असे दिसले, की अशा फांद्यांवरील पॉलीलॅक्टोसामाइन हा शर्कराक्रम फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरील गॅलेक्टिन-३ या लेक्टिनशी जोडला जातो आणि त्यामुळे रक्तातून वाहणाऱ्या पेशींना तेथे थांबण्यास आधार मिळतो. कर्करोग विशिष्ट अवयवातच का पसरतो, या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग येथे आहे. दुसरीकडे, अनेक अर्बुदांवर सियालिक आम्ल या शर्करेचे दाट आवरण तयार होते. रोगप्रतिकारक पेशींवरील सिग्लेक नावाची लेक्टिने त्याला जोडली गेली, की त्या पेशींची मारकता मंदावते.

हा विषय प्रयोगशाळेपुरता नाही, हे शेवगावसारख्या तालुक्याच्या गावी व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरांनी ध्यानात घ्यावे. स्वादुपिंडाच्या कर्करोगासाठी मागवली जाणारी सीए १९-९ ही तपासणी सियालिल लुईस-ए या शर्कराक्रमाचे मोजमाप करते, आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरील ई-सिलेक्टिन हे लेक्टिन त्याच क्रमाला धरते. लुईस रक्तगटाचे प्रतिजन न बनवणाऱ्या व्यक्तींत हा क्रम जवळपास तयारच होत नाही, त्यामुळे कर्करोग असूनही अहवाल सामान्य येऊ शकतो. उलट पित्तखड्याने झालेल्या अवरोधी काविळीत कर्करोग नसतानाही आकडा वाढतो. यकृताच्या कर्करोगासाठी वापरल्या जाणाऱ्या एएफपी-एल३ या तपासणीत तर मसुराच्या लेक्टिनचाच उपयोग होतो: फ्युकोज शर्करा जोडलेला अल्फा-फीटोप्रोटीनचा अंश ते वेगळा काढते. मात्र या दोन्हींपैकी एकही तपासणी एकटी निदान ठरवू शकत नाही.

लेक्टिनांच्या नावाने आहाराविषयी पसरणाऱ्या दाव्यांकडेही याच दृष्टीने पाहावे लागेल. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यातील लेक्टिनने उलट्या व जुलाब होतात, हे खरे. परंतु पूर्ण उकळल्यावर किंवा कुकरमध्ये शिजवल्यावर ते निष्प्रभ होते. त्यामुळे शेवगाव परिसरातील घराघरांत शिजणारी तूर वा हरभऱ्याची डाळ कर्करोगाच्या भीतीने बंद करण्यास आधार नाही. उपचारांमुळे आधीच खंगणाऱ्या रुग्णाचे स्वस्त प्रथिन त्यातून हिरावले जाते. तसेच परीक्षानळीत एखाद्या वनस्पती-लेक्टिनने कर्करोगाच्या पेशी मेल्या, एवढ्यावरून त्या वनस्पतीचा काढा औषध ठरत नाही. पोटातून घेतलेले प्रथिन अर्बुदापर्यंत शाबूत पोहोचेल, असे गृहीत धरता येत नाही.

म्हणून वैद्यकीय व्यावसायिकांनी तीन गोष्टी पाळाव्यात: लक्षणे नसलेल्या व्यक्तीची सीए १९-९ तपासणी चाळणी म्हणून करू नये, वाढलेल्या आकड्याचा अर्थ कावीळ, सोनोग्राफी व लक्षणे यांच्या जोडीने लावावा, आणि संशय कायम राहिल्यास रुग्णाला काढ्यांच्या भरवशावर न ठेवता अहिल्यानगर किंवा छत्रपती संभाजीनगर येथील कर्करोग तज्ज्ञांकडे विनाविलंब पाठवावे.