गाडी लावायला जागा आहे ना?

“दोन खोल्या, किचन, पाण्याचा त्रास नाही, देऊळ दोन मिनिटांवर. अजून काय पाहिजे ताई तुम्हाला?” एजंट म्हणाला.

“गाडी लावायला जागा.”

तो हसला. “लेडीजची गाडी ना? ती काय, कुठंपण मावती की!”

बदली होऊन कराडला आले तेव्हाची ही गोष्ट. ह्यांची नोकरी सांगलीला, लेक आठवीत. पंधरा दिवसांत अकरा घरं पाहिली. सोमवार पेठेतलं घर छान होतं, पण बोळ एवढा अरुंद की समोरून म्हैस आली तर आपणच मागं सरायचं. विद्यानगरला कॉलेजच्या मुलांमुळे भाडी चढलेली. मलकापुरात एका इमारतीत पार्किंगच्या जागेतच दोन गाळे काढलेले. एकात गिरणी, दुसऱ्यात झेरॉक्स. आणि जाईल तिथं पहिला प्रश्न एकच, “मिस्टर कुठं असतात?” (गाडी चालवता येते का, हा त्यातल्या त्यात बरा प्रश्न!)

शेवटी एक फ्लॅट पसंत पडला. “पार्किंग आहे ना काका?” “आहे की, खाली एवढं मोठं आहे.” पंचवीस हजार डिपॉझिट दिलं, सामान लावलं. दहाव्या दिवशी वरच्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, “मॅडम, ही जागा आमच्या कारची. तुमची स्कूटी बाहेर लावत जा.” मालकांना फोन केला तर ते म्हणाले, “पार्किंग आहे म्हणालो, तुमचं आहे असं कुठं म्हणालो?”

मग गाडी बाहेर रस्त्यावर. दोनदा पेट्रोल गेलं, एकदा सीट फाडलं. तेही सोसलं असतं. पण मार्चअखेरीला ऑफिसातून सुटायला साडेनऊ व्हायचे, कोपऱ्यावरचा दिवा बंद, आणि गाडी लावून फाटकापर्यंत चालत यायचं. लेक गॅलरीत उभी राहून वाट बघायची. शेवटी शेवटी मी रिक्षानं जायला लागले. म्हणजे गाडी असून पुन्हा दुसऱ्याच्या वेळेवर आले. मैत्रिणींनो, आपल्यासाठी स्कूटी म्हणजे क्लास, बँक, माहेर, दवाखाना. कुणाला ‘सोडता का’ न विचारता. ती लावायची जागा गेली की हे सगळंच जातं. म्हणून ‘एवढीशी गाडी’ हे ऐकलं की मला राग येतो.

चूक माझीही होती. सगळं तोंडी. नोटरी केलेला स्टँपपेपर होता, त्यात पंखे आणि ट्यूबलाइट मोजलेले, पार्किंगचा शब्द नाही. नंतर कळलं, नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेला लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. तसा करार नसेल, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं उलट सिद्ध होईपर्यंत खरं धरलं जातं. आता ही नोंदणी ऑनलाइनही होते. सोसायटी असेल तर सेक्रेटरींना आधीच विचारावं, या फ्लॅटला पार्किंग दिल्याचं पत्र आहे का? उघड्यावरची जागा बिल्डरला विकता येत नाही, त्यामुळे ‘ती बिल्डरनं आम्हाला विकलीय’ यावर गप्प बसू नये.

अकरा महिने काढले आणि दुसरं घर शोधलं. या वेळी पार्किंगचा मुद्दा करारात घालायचा म्हटल्यावर घरमालकीण काकू म्हणाल्या, “अगंबाई, एवढ्याशा गाडीसाठी कागद?” मी म्हटलं, “काकू, तुमच्या गीझरचा उल्लेख आहे ना त्यात? मग हिचाही होऊ दे.” जिन्याच्या डावीकडची जागा, एक दुचाकी, असं लिहून घेतलं. काकूंनी सही केली, जराशा फुगूनच.

परवा त्यांची सून हळूच खाली आली. “ताई, पुढच्या महिन्यात माझीपण स्कूटी येणारे. सासूबाईंना अजून सांगितलं नाही. तुमच्या शेजारी बसेल का हो?”

आम्ही दोघींनी टेप लावून मोजलं. बसते.