विजयदुर्गावर आठ महिने इंग्रजांचा ताबा होता, ही गोष्ट किल्ल्याच्या फेरीत का येत नाही?

कणकवली स्टेशनला उतरायचं, हायवेनं तळेऱ्यापर्यंत जायचं आणि तिथून पश्चिमेला वळायचं. हा रस्ता थेट विजयदुर्गाला पोहोचतो. ११ जुलै २०२५ ला युनेस्कोनं मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यातले दोन सिंधुदुर्ग जिल्ह्यातले, विजयदुर्ग आणि मालवणचा सिंधुदुर्ग.

गाईडसोबत विजयदुर्ग फिरलात तर तिहेरी तटबंदी दिसते, शिवरायांचं आरमार आणि कान्होजी आंग्रे यांच्याबद्दल ऐकायला मिळतं. ते ऐकायलाच हवं. पण हे दोन्ही किल्ले १८१८ च्या बऱ्याच आधी, लढाईत इंग्रजांच्या हाती गेले होते. हा भाग सहसा एका वाक्यात उरकतो किंवा येतच नाही.

नेमकं काय झालं होतं?

त्या वेळी विजयदुर्ग कान्होजींचा मुलगा तुळाजी आंग्रे याच्याकडे होता. इंग्रज या किल्ल्याला घेरिया म्हणायचे. तुळाजी इंग्रजांची जहाजं पकडायचा आणि पेशव्यांनाही जुमानत नव्हता. मग नानासाहेब पेशव्यांनी १७५५ मध्ये मुंबईच्या इंग्रजांशी करार केला. जमिनीवरून पेशव्यांचं सैन्य, समुद्रातून इंग्रजांचं आरमार, असा बेत ठरला. आधी सुवर्णदुर्ग पडला.

फेब्रुवारी १७५६ मध्ये अॅडमिरल वॉटसन विजयदुर्गासमोर आला. सोबत फौज घेऊन रॉबर्ट क्लाईव्ह होता. १२ फेब्रुवारीला तोफांचा मारा सुरू झाला, एक गोळा आंग्र्यांच्या जहाजावर पडला आणि आग पसरत गेली. शेजारी शेजारी नांगरलेला अख्खा ताफा जळाला. दुसऱ्या दिवशी किल्ला इंग्रजांकडे गेला.

पेशव्यांच्या वाट्याला काय आलं? लूट तर नाहीच. ती कशी वाटायची हे इंग्रज अधिकाऱ्यांनी मुंबईहून निघण्याआधीच आपापसात ठरवलं होतं, आणि ती होती साधारण १० लाखांची. किल्लाही लगेच मिळाला नाही. ऑक्टोबर १७५६ च्या तहापर्यंत पेशव्यांना थांबावं लागलं आणि बदल्यात बाणकोट व आसपासची गावं कंपनीकडे गेली. तुळाजीचं उरलेलं आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेलं. वॉटसन आणि क्लाईव्ह मद्रासमार्गे बंगालला पोहोचले. पुढच्याच वर्षी, २३ जून १७५७ ला, प्लासी झाली.

'पेशव्यांनीच मराठ्यांचं आरमार बुडवलं' ही पोस्ट सोशल मीडियावर दरवर्षी फिरते. आंग्र्यांचा ताफा जळाला आणि त्या मोहिमेत पेशवे सामील होते, इतकं खरं. पण त्याच विजयदुर्गावर नंतर पेशव्यांचं आरमार उभं राहिलं. १७८३ मध्ये आनंदराव धुळपांनी रत्नागिरीजवळ इंग्रजांची जहाजं पकडली. एका ओळीच्या पोस्टमध्ये हे मावत नाही.

मालवणची गोष्ट त्यामानानं छोटी आणि थोडी गमतीदार आहे. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला आणि त्याचं नाव ठेवलं 'फोर्ट ऑगस्टस'. पण ठेवावा तर उत्पन्न नाही, पाडावा तर तट पडेना. शेवटी पैसे आणि हमी घेऊन किल्ला कोल्हापूरकर छत्रपतींना परत दिला.

हे सांगणं म्हणजे किल्ल्याचा अपमान होईल का? युनेस्कोला वारसास्थळांबाबत सल्ला देणाऱ्या 'इकोमॉस' या संस्थेची २००८ ची सनद सांगते की स्थळाचे सगळे कालखंड वेगवेगळे, स्पष्ट दाखवावेत. इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावर १९४० ते १९४५ जर्मनांचा ताबा होता. जर्मनांनी तिथं खोदून घेतलेले बोगदे आज पर्यटकांना दाखवले जातात, तेही बेटावरच्या लोकांनी काय सोसलं त्याच्यासकट. ते पाहायला लोक मुद्दाम जातात.

विजयदुर्गाला तर फारसं काही उभारायचीही गरज नाही. खाडीच्या बाजूच्या तटावर उभं राहून गाईडनं पाण्याकडे बोट दाखवलं आणि १२ फेब्रुवारीची संध्याकाळ पाच मिनिटं सांगितली तरी पुरे. आंग्र्यांच्या जहाजांच्या दुरुस्तीची, दगडात खोदलेली गोदी जवळच गिर्ये गावात आहे. ती किल्ल्याच्या बाहेर असल्यामुळे बहुतेक पर्यटक ती न बघताच तळेऱ्याच्या रस्त्याला लागतात.