‘मध्यम’ हवा म्हणजे नेमकी कशी हवा?

हिवाळा लागला की मुंबईच्या हवेचा आकडा रोज बातम्यांत येतो. शहराची हवा ‘मध्यम’ आहे असे वाचून गोवंडीतला माणूस चक्रावतो, कारण देवनार डम्पिंगचा धूर त्याच्या नाकात असतो. मग यंत्र खोटे बोलते का? तसे नाही. शहराचा आकडा अनेक केंद्रांची सरासरी असतो, आणि यंत्र जिथे उभे असते तिथलीच हवा मोजते.

सरकारी केंद्रातले यंत्र पंपाने हवा ओढते. पीएम २.५ म्हणजे केसापेक्षा सुमारे तीस पट बारीक कण. ते फिल्टरच्या पट्टीवर जमतात. पट्टीतून बीटा किरण सोडतात. किरण जितके अडतात तितका कणांचा भार जास्त. हे यंत्र महागडे असते आणि त्याची नियमित तपासणी लागते. म्हणून केंद्रे मोजकीच असतात.

बाजारातला छोटा सेन्सर लेझरच्या प्रकाशाने कणांचा अंदाज घेतो. तो स्वस्त आहे, पण दमट हवेत कण फुगतात आणि आकडा वाढून दिसतो. घरात लोबान पेटवला तरी तो उसळी घेतो. त्याच्या एका आकड्यावर भांडू नये. मात्र अनेक दिवसांची नोंद ठेवली तर धूर कोणत्या वेळी वाढतो ते कळते.

आता त्या ‘मध्यम’ शब्दाकडे पाहू. पीएम २.५ साठी आपले २४ तासांचे मानक ६० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेचे २०२१ पासून १५. निर्देशांकात ‘मध्यम’ची पायरी ६१ ते ९० ची. म्हणजे कणांमुळे ‘मध्यम’ लिहिले गेले, तर आपल्याच देशाचे मानक त्या दिवशी ओलांडलेले असते! दम्याच्या मुलासाठी आणि घरातल्या बुजुर्गांसाठी हा शब्द दिलासा देणारा नाही.

मग करायचे काय? ‘समीर’ ॲपवर शहराचा नाही, जवळच्या केंद्राचा आकडा पाहावा. शिवाजीनगर, भायखळा अशी महापालिकेची केंद्रे त्यात आहेत. निर्देशांकासाठी किमान १६ तासांची नोंद लागते. केंद्र वारंवार बंद दिसले तर मोहल्ला कमिटीने लेखी विचारावे. बांधकामाच्या जागी सेन्सर बसवा, असे महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्येच सांगितले आहे. शेजारच्या साइटवरची नोंद मागायला काय हरकत आहे?

मापात खोट नको, ही तालीम आपल्याला लहानपणापासून मिळते. तराजूला लागू होते ते हवेच्या मापालाही लागू आहे. तक्रार धुराची असली, तरी तारीख, वेळ आणि आकडा सोबत असेल तर ती टाळणे कठीण जाते.