खिशातील फोन कोणाच्या हुकमतीत?

हिवाळी अधिवेशन आले की नागपुरात मोर्चांचा हंगाम सुरू होतो. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, विनाअनुदानित शाळांचे शिक्षक विधानभवनाच्या दिशेने निघतात आणि त्यांच्या प्रत्येक संघटकाच्या खिशात एक स्मार्टफोन असतो. पूर्वी सभासदांची यादी, वर्गणीचा हिशेब आणि बैठकीचे इतिवृत्त कार्यालयातील कपाटात असे व किल्ली चिटणिसाकडे असे. आज हे सारे त्या फोनमध्ये आहे. या नव्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, हा प्रश्न चळवळीने अद्याप गांभीर्याने विचारलेला नाही.

नागपूरला तरी हा प्रश्न काल्पनिक वाटण्याचे कारण नाही. भीमा-कोरेगाव खटल्यातील आरोपींचे वकील निहालसिंग राठोड याच शहरातले. त्यांचा फोन पेगॅसस या हेरप्रणालीचे लक्ष्य झाला होता, असे टोरोंटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅब या संशोधन संस्थेने २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांना कळविले. व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा आणि उचललाही न गेलेला एक कॉल त्यासाठी पुरेसा होता. जगभरात सुमारे १,४०० जणांवर त्या वर्षी असा प्रयोग झाला. ही प्रणाली केवळ सरकारांनाच विकली जाते, असे तिची निर्माती एनएसओ ही इस्रायली कंपनी सांगते. त्याच खटल्यात जून २०१८ मध्ये अटक झालेले नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकात बाहेरून शिरकाव करून दस्तऐवज पेरण्यात आले, असा निष्कर्ष आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकन संस्थेने २०२१ मध्ये काढला. तपास यंत्रणेने तो अमान्य केला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने २९ फोन तपासले. त्यांपैकी पाचांत घातक प्रणाली आढळली. ती पेगॅससच होती असे निश्चित सांगता आले नाही. शासनाने मात्र समितीशी सहकार्य केले नाही, असे सरन्यायाधीशांनी २०२२ मध्ये खुल्या न्यायालयात सांगितले.

पण पेगॅसस हा झाला विरळा प्रसंग. रोजची पाळत निराळी असते आणि ती मालकाच्या संमतीने चालल्याचा आभास निर्माण करते. भारतातील बहुतेक स्मार्टफोन अँड्रॉइडवर चालतात. अँड्रॉइडचा पाया सर्वांना खुला आहे; परंतु त्यावर गूगलच्या सेवांचा जो थर बसविलेला असतो, त्याला इतर कोणत्याही अ‍ॅपला नसलेले अधिकार असतात. फोनचे पैसे भरणाऱ्याला तो थर काढून टाकता येत नाही. मालकाला बाजूला ठेवून फोनमध्ये काय असावे हे ठरविता येते, असे एकदा मान्य झाले की शासनालाही तोच मोह होतो. २०२५ च्या नोव्हेंबरअखेर केंद्राच्या दूरसंचार विभागाने प्रत्येक नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ हे अ‍ॅप आधीच घालण्याचा आदेश काढला. देशभर ओरड झाली, आणि काही दिवसांतच तो मागे घ्यावा लागला. लोकमताने माघार घडविता येते, हा त्यातला धडा विसरता कामा नये.

या परिस्थितीत पर्यायी ऑपरेटिंग सिस्टिमकडे पाहिले पाहिजे. ग्राफीनओएस, लिनेजओएस, ई-ओएस या प्रणाली अँड्रॉइडच्याच खुल्या पायावर उभ्या आहेत. गूगलचा सर्वाधिकारी थर त्या एक तर काढून टाकतात किंवा साध्या अ‍ॅपच्या पातळीवर आणून बसवितात. परंतु त्या सारख्या नाहीत. लिनेजओएस जुन्या फोनला नवे आयुष्य देते. मात्र ती बसविताना उघडलेले मूळ कुलूप बहुतेक फोनांवर पुन्हा लावता येत नाही, त्यामुळे फोन दुसऱ्याच्या हाती पडल्यास संरक्षण उणे ठरते. ग्राफीनओएस या बाबतीत सर्वांत भक्कम. पण ती आजवर गूगलच्याच महागड्या पिक्सेल फोनवर चालत आली आहे. गूगलपासून सुटण्यासाठी गूगललाच पैसे मोजायचे, हा विरोधाभास लपविण्यात अर्थ नाही. शिवाय काही बँकांची अ‍ॅप गूगलचा शिक्का नसलेल्या प्रणालीवर चालण्यास नकार देतात.

म्हणूनच हा सुखवस्तू मध्यमवर्गाचा छंद आहे, असा आक्षेप घेतला जातो. स्वतःपुरता विचार करणाऱ्याच्या बाबतीत तो खराही आहे. परंतु संघटनेचा चिटणीस, कामगारांचा वकील, अत्याचारग्रस्त स्त्रियांमध्ये काम करणारी कार्यकर्ती यांचा फोन त्यांच्या एकट्याचा नसतो. त्यात ज्यांची नावे आहेत त्यांनी ती विश्वासाने दिलेली असतात, आणि ती फुटली तर नोकरी त्यांची जाते. अशा माणसांसाठी सुरक्षित फोन हा संघटनेचा खर्च मानला पाहिजे, जसा कार्यालयाच्या कुलपाचा मानला जातो. याला दुसरीही बाजू आहे. स्पेनमधील कातालोनियात असे फोन अमली पदार्थांच्या व्यापाऱ्यांची खूण म्हणून पोलिसांच्या डोळ्यांवर आल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. मोजक्यांनीच वापरलेले साधन वापरणाऱ्याला संशयित बनविते. ते सर्वसामान्यांच्या हाती गेले तरच निर्धोक होते.

प्रणाली बदलल्याने सर्व संकटे टळतील, अशा भ्रमातही राहू नये. सिमकार्ड असलेला फोन कोठे आहे हे टॉवरवरून कंपनीला कळतेच. पन्नास जणांच्या गटातील एकानेही मजकूर बाहेर दिला की उरलेल्यांचे कुलूप व्यर्थ. पेगॅससलाही एका साध्या अ‍ॅपमधूनच वाट मिळाली होती.

यास्तव खरी लढाई कायद्याची आहे. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. त्यानंतर २०२३ मध्ये झालेल्या विदासंरक्षण कायद्याने केंद्राला आपल्या यंत्रणांना त्यातून सूट देण्याची मुभा ठेवली. फोन चोरून ऐकण्याचा आदेश आजही सचिव काढतात आणि त्याचा फेरविचारही सचिवांचीच समिती करते. आधी न्यायाधीशाची परवानगी घ्यावी लागत नाही. गूगलच्या करारांमुळे निर्मात्यांना अँड्रॉइडच्या स्वतंत्र आवृत्त्यांचे फोन काढणे अशक्य होते, असे आढळल्यावर स्पर्धा आयोगाने २०२२ मध्ये १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. तरीही अनेक स्वस्त फोनांचे निर्माते ग्राहकाला मूळ कुलूप उघडू देत नाहीत.

तेव्हा मागण्या स्पष्ट आहेत. पाळतीला न्यायालयाची पूर्वपरवानगी हवी. विकलेल्या प्रत्येक फोनची प्रणाली बदलण्याचा हक्क ग्राहकाला हवा. बँका व शासकीय सेवा कोणा एका कंपनीच्या शिक्क्यावाचून चालल्या पाहिजेत. अंगणवाडी सेविकेच्या स्वस्त फोनलाही मग तेच संरक्षण मिळेल. तोपर्यंत प्रत्येक शाखेने एका बैठकीत एवढे तरी ठरवावे: कोणती यादी कोणाच्या फोनमध्ये राहील, कोणती मुळीच राहणार नाही, आणि सुरक्षित फोनचा खर्च कोणासाठी करायचा.