हलकी रायफल आणि कोवळा खांदा

अमेरिकेत मुलाकडे वास्तव्यास गेलेल्या एका आजोबांनी विचारले आहे : बारा वर्षांचा नातू मित्राच्या वडिलांबरोबर हरणाच्या शिकारीचे शिक्षण घेतो. रायफल मुद्दाम हलकी निवडली आहे. तरी तो खांदा चोळीत घरी येतो आणि चाप ओढण्यापूर्वीच डोळे मिटतो. हे चालायचेच, असे समजावे काय?

समजू नये. हलकी रायफल उचलण्यास सोपी, पण तिचा धक्का झेलण्यास कठीण असते. तेच काडतूस निम्म्या वजनाच्या रायफलीतून उडवले, तर ती दुप्पट वेगाने मागे येते आणि खांद्यावर आदळणारी ऊर्जाही साधारण दुप्पट होते. मोठ्यांनी मायेने केलेली निवडच येथे मुलाला बाधते.

प्रथम काडतूस पाहावे. .३०-०६ स्प्रिंगफिल्डच्या जागी .२४३ विंचेस्टरची रायफल घेतल्यास धक्का सुमारे निम्म्यावर येतो, आणि हरणासाठी ते काडतूस तिकडे सर्रास वापरले जाते. सरावाला मात्र .२२ बोअरच पुरे. आपल्याकडे मुले एअर रायफल व .२२ वरच शिकतात. कोल्हापूरचे स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मिळवलेले कांस्यपदकही .२२ चेच, आणि त्या स्पर्धेच्या रायफली चांगल्या वजनदार असतात. म्हणून इकडील पालकांना हा प्रश्न सहसा पडत नाही.

दुसरी गोष्ट दस्त्याची. प्रौढांच्या मापाचा दस्ता मुलाला लांब पडतो, मग त्याचे टोक दंडावर घसरते किंवा कॉलरबोनवर टेकते. ते त्या हाडाच्या खाली, खांद्याच्या सांध्याच्या आत, मांसल खळग्यात घट्ट बसले पाहिजे. सैल धरलेली रायफल अधिक जोराने लागते. टोकाला जाड, मऊ रबराची गादी बसवावी. तीच ऊर्जा अधिक वेळात व अधिक जागेवर पसरते. परंतु गादीने दस्ता आणखी लांबतो, तेवढा तो जाणकार कारागिराकडून आखूड करून घ्यावा. दस्त्यात थोडे वजन भरण्याचीही सोय असते. दुर्बीण डोळ्याच्या फार जवळ असेल तर भुवई फुटते, हेही पाहावे.

नळीच्या तोंडाला बसवावयाचे ‘मझल ब्रेक’ नावाचे साधन धक्का खरोखर कमी करते. तरीही मुलासाठी मी ते सुचविणार नाही. त्याने वायू बाजूला फेकला जातो आणि आवाज कानांवर अधिक कठोर येतो. साध्या रायफलीचा बारही १४० डेसिबलच्या वर जातो, आणि एकदा गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. डोळे मिटण्यामागे पुष्कळदा खांद्यापेक्षा हा आवाजच असतो. कानांत बोळे आणि वर इअरमफ, दोन्ही वापरावेत. शेजारी उभ्या असलेल्या आजोबांनीसुद्धा. बंद केलेले श्रवणयंत्र म्हणजे कानांचे संरक्षण नव्हे.

आपणांस स्वतः एखादा बार काढण्याचा मोह झाला, तर आधी आपली प्रकृती आठवावी. पेसमेकर ज्या बाजूस बसवला आहे, त्या खांद्याला दस्ता लावू नये. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर मोठा काळानिळा डाग पडू शकतो. खांद्याचा सांधा बदललेला असेल किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून हात लावू नये.

नातवाचा खांदा दुसऱ्या दिवशीही दुखत असेल, हात वर जात नसेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे. कानांत गुणगुण राहिली तर कानाच्या डॉक्टरांकडे जावे. तोवर मोठी रायफल बंद ठेवावी. पुढे शिक्षकाने त्याच्या नकळत मधूनमधून नकली काडतूस भरून पाहावे. चाप ओढताना नळी खाली झुकली, तर भीती अजून गेलेली नाही. पुन्हा काही आठवडे.२२ वरच शिकू द्यावे, आणि मोसम टळला तर टळू द्यावा.