धानाचे खत गव्हाला पुरत नाही

सिंदेवाही, ब्रह्मपुरी, आरमोरीकडे धान कापल्यावर त्याच बांधीत गहू घेणाऱ्याला दोन गोष्टी हमखास ऐकवल्या जातात. जंगलालगतची जमीन, पिढ्यान्‌पिढ्या पालापाचोळा कुजलेला, तिला स्फुरद कशाला? आणि धानाला डीएपी दिलेच आहे, उरलेले गव्हाला पुरेल. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि दुसरी अधिक महागात पडते.

पालापाचोळ्याने जमीन ओल धरते, हे खरे. पण इथल्या तांबूस, आम्लधर्मी जमिनीत लोह आणि ॲल्युमिनियम भरपूर असते आणि ते स्फुरद अडकवून ठेवतात. तो मातीत असूनही मुळांच्या कामाचा राहत नाही.

बांधीत पाणी साचले की मातीतली हवा संपते, लोहाचे रूप बदलते आणि त्याने धरलेला स्फुरद मोकळा होतो. म्हणून धानाचे भागते. बांधी सुकली की सगळे उलटते. लोह पूर्वपदावर येते आणि मोकळा झालेला स्फुरद पुन्हा धरून बसते. गव्हाची पेरणी नेमकी तेव्हाच असते, त्यात थंडीने मुळे संथ वाढतात. अशा बांधीतले तीन-चार आठवड्यांचे रोप उपटून पाहा. मुळ्या तोकड्या, पाने काळपट हिरवी, खालच्या पानांची टोके जांभळट, फुटवा जेमतेम एखादा. फुटवेच नाहीत तर ओंब्या कुठून येणार?

‘पहिल्या पाण्यावर डीएपी फेकले, गहू हिरवागार झाला,’ असा दाखला दिला जातो. तो हिरवेपणा डीएपीतल्या १८ टक्के नत्राचा. स्फुरद पडल्या जागेवरून फारसा हलत नाही, वर फेकलेला वरच राहतो.

तेव्हा धान आणि गहू यांचा हिशेब एकत्र मांडावा आणि स्फुरदाचा मुख्य वाटा गव्हाला द्यावा. माती परीक्षणात स्फुरद बरा निघाला तर कपात धानात करावी. वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाला हेक्टरी ६० किलो, म्हणजे एकरी २४ किलो स्फुरद लागतो. डीएपीच्या एका बॅगेत २३ किलो मिळतो, सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन बॅगांत २४. मी सुपरच्या बाजूचा आहे, कारण त्यात ११ टक्के गंधकही येते. नत्र मात्र युरियातून वेगळे द्यावे लागते. याहून जास्त ओतू नये, जस्ताची कमतरता वाढते. खत पेरणीबरोबरच, दोन चाड्यांच्या पाभरीने, बियाण्याखाली पडले पाहिजे.

धान-गहू घेणाऱ्या शेतकऱ्यांनो, डीएपीच्या एकाच बॅगेपुरते पैसे असतील, तर ती गव्हाच्या पेरणीसाठी राखून ठेवा.