हंड्याच्या बुडाचा पांढरा थर

भोकरदन तालुक्यातले हसनाबाद घ्या, नाहीतर मराठवाड्यातले हापशावर जगणारे दुसरे कुठलेही गाव घ्या; घरातल्या बाईची तक्रार बहुधा एकच. साबण घासून हात दुखले तरी फेस नाही, आणि तूरडाळ तासभर चुलीवर राहून कच्चीच.

पावसाचे पाणी मुळात हलके असते. काळ्या कातळाच्या भेगांतून झिरपताना ते कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार घेते आणि जड होते. हंड्याच्या बुडाशी बसतो तो पांढरा थर याच क्षारांचा.

या पाण्याने मूतखडा होतो, ही भीती आम्ही घरोघर ऐकतो. पण जागतिक आरोग्य संघटनेने जडपणासाठी आरोग्याच्या कारणावरून मर्यादा घातलेली नाही. भारतीय मानकात लिटरला 200 मिलिग्रॅम जडपणा चांगला, आणि दुसरे पाणीच नसेल तर 600 पर्यंत चालतो. खड्याचे मोठे कारण पाणी कमी पिणे हे आहे. कापूस वेचायला गेलेली आमची बहीण पाणी मचूळ लागते म्हणून, आणि शेतात आडोसा नाही म्हणूनही, दिवस तांब्याभर पाण्यावर काढते. खडा तिथे धरतो. तेव्हा भगिनींनो, जड असले तरी पाणी पोटभर प्या.

पैसा जातो तो साबणात. त्याला उपाय धुण्याचा सोडा. बादलीत आधी सोडा विरघळवा, थोडा वेळ थांबा, मग साबण लावा. साबण आधी लावला तर निम्मा क्षारांशी भांडण्यातच संपतो. रेशमी व लोकरीच्या कपड्यांना मात्र सोडा नको, आणि स्वयंपाकात तर मुळीच नको. डाळीसाठी पाणी उकळून निवू द्या, वरचे निवळ पाणी घ्या, त्यात डाळ रात्रभर भिजवा. चिमूटभर खायच्या सोड्यानेही डाळ शिजते, पण तिच्यातले ब जीवनसत्त्व काहीसे जाते.

तुरटी फिरवून पाणी हलके होत नाही, तिने फक्त गाळ बसतो. फ्लोराइड आणि नायट्रेट तर उकळूनही जात नाहीत, ना ते चवीला कळतात. म्हणून हापशाचे पाणी सरकारी प्रयोगशाळेतून तपासून घ्या, असा अर्ज बायांनी मिळून ग्रामपंचायतीत द्यावा. एकटीचा कागद फडताळात पडून राहतो.

आणि पावसाळ्यात पत्र्याखाली पिंप लावा. शंभर चौरस फूट पत्र्यावर एक इंच पाऊस पडला तर सव्वादोनशे लिटरच्या वर पाणी येते. पहिल्या एक-दोन पावसांचे सोडून द्या, पुढचे धुण्याला आणि केस धुवायला ठेवा. पिंपाला झाकण हवेच, नाहीतर डास होतील.